कलेचें शिक्षण आणि भावंडाची सोबत

बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यांतील घाटनांदूर हें परळी आणि लातूर रोड यांच्या दरम्यानचें रेल्वे स्थानक. अशा गांवांतील एखाद्या मुलीचा हात चित्रकलेंत चांगला असला, तर शाळेंतच तिला कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षा देतां येतात. खरी अडचण बारावीनंतर उभी राहते. कलेच्या चार वर्षांच्या पदवीसाठीं प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि मराठवाड्यांतील शासकीय कला महाविद्यालय छत्रपती संभाजीनगर येथें, म्हणजे दोनशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे. त्या वेळीं घरांत पहिला प्रश्न निघतो तो कलेचा नसतो, ‘सोबत कोण?’ हा असतो.

हा प्रश्न नवा नाहीं. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वर येथें ३० एप्रिल १८७० रोजीं एका संस्कृत शास्त्र्यांच्या घरीं झाला. १८८५ मध्यें ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले आणि तेथें त्यांनीं एक वर्षाचा रेखनाचा अभ्यासक्रम पुरा केला. १८८६ च्या आरंभीं ते वडील बंधु शिवरामपंत यांच्यासमवेत बडोद्यास गेले. शिवरामपंत त्यांच्याहून बारा वर्षांनीं मोठे असून बडोद्यास नोकरीस होते. ज्या कलाभवनांत फाळके यांचें पुढील शिक्षण झालें, तें सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें प्रो. त्रिभुवनदास गज्जर यांनीं १८९० मध्यें स्थापन केलें. तैलरंग, जलरंग, मूर्तिकाम, छायाचित्रण असे नाना विषय फाळके यांनीं बडोद्यास आत्मसात केले. गज्जर यांनीं त्यांना ठसे तयार करण्याची विद्या शिकण्यास रतलामला धाडलें आणि कलाभवनाचा छायाचित्रणाचा स्टुडिओही वापरूं दिला.

येथें दोन आधार स्पष्ट दिसतात. कार्यशाळा, साहित्य आणि जाणता गुरु हीं संस्थेनें द्यावयाचीं. परक्या शहरांतील आपलें माणूस घरानें द्यावयाचें. कला शिकणाऱ्यास पहिलीं कांहीं वर्षें कागद व रंग खर्ची घालावे लागतात आणि त्यांतून मिळकत होत नाहीं. त्या काळांत भाडें, जेवण आणि आजारपण यांची चिंता दोघांत वांटली गेली, तरच हात निर्धास्तपणें चालतो.

सोबतीचा दुसरा प्रकार राजा रविवर्मा यांच्या घरांत दिसतो. त्यांचे धाकटे बंधु सी. राजराज वर्मा हेही चित्रकार होते. ते थोरल्या भावाच्या हाताखालीं शिकले, त्यांच्याबरोबर देशभर हिंडले आणि चित्रांच्या कामांत त्यांना साहाय्य करीत राहिले. परंतु जगाच्या ओठीं नांव राहिलें तें थोरल्याचें.

सोबत करणाऱ्याचा जोखा घरांत क्वचितच मांडला जातो. शिवरामपंतांना स्वतःचें आयुष्य होतें. पुढें ते जव्हार संस्थानचे दिवाण झाले. पण भावाच्या शिक्षणासाठीं बहिणीला शहरांत नुसती चूल सांभाळावयास धाडलें, तर एकाचें शिक्षण होतें आणि दुसऱ्याचें बुडतें. शिवाय कला घराचें ऋण लवकर फेडील असा भरंवसा कोणी धरूं नये. १९०० मधील प्लेगनें फाळके यांची पहिली पत्नी व मूल हिरावून नेलें. नोकरी, छापखाना असे मार्ग चोखाळल्यावर ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत झळकला, तेव्हां बडोद्यास जाऊन सत्तावीस वर्षें लोटलीं होतीं. एवढें करूनही त्यांची अखेरचीं वर्षें आर्थिक विवंचनेंत गेलीं. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें त्यांचें निधन झालें.

म्हणून निघण्यापूर्वीं कांहीं गोष्टी घरांत उघडपणें बोलून ठरवाव्या: सोबत किती वर्षांची, दरमहा खर्च किती, स्वयंपाकाचे वार कोणाचे, आणि परीक्षेच्या दिवसांत कोणी कोणास सांभाळावें. धाकट्याचा अर्ज कलेच्या वर्गासाठीं जात असेल, तर सोबत जाणाऱ्या ताईचा अर्जही त्याच टपालानें तिच्या आवडीच्या विषयासाठीं जावा.