पासष्ट सेंटीमीटरची वाट

शरीरशास्त्राच्या एका जुन्या पुस्तकात एक रेखाचित्र होते. एक घोडा उभा आहे. त्याच्या मानेतल्या शिरेतून एक लांब नळी थेट हृदयापर्यंत गेली आहे आणि फ्रेंच शास्त्रज्ञ तिच्या दुसऱ्या टोकाशी हृदयातला दाब मोजत आहेत. प्रयोग १८६१ च्या सुमाराचा. वैद्यकाच्या किती विद्यार्थ्यांनी ते पान उलटले असेल, याची गणती नाही. बर्लिनच्या वेर्नर फॉर्समानला मात्र त्या चित्राने झपाटले. घोड्याच्या हृदयात नळी जाते, तर माणसाच्या हृदयात का जाऊ नये?

१९२९ मध्ये हा प्रश्न विचारणेही धाडसाचे होते. हृदय म्हणजे कुलूपबंद गाभारा. डॉक्टर छातीला कान लावत, हृदयाच्या विद्युतलहरींचा आलेख काढत, क्ष-किरणांत त्याची सावली पाहत. पण आत डोकावण्याची सोय नव्हती. रुग्ण अगदीच हातचा जाऊ लागला, तर छातीतून सुई खुपसून औषध थेट हृदयात सोडत. त्यात हृदयाचीच एखादी रक्तवाहिनी फाटण्याचा धोका असे. फॉर्समानचा विचार सरळ होता. अंगातली प्रत्येक नीला शेवटी हृदयाकडेच वाहते. मग भिंत कशाला फोडायची? नदीच्या प्रवाहाबरोबर नाव सोडावी, तशी कोपरापाशी शिरेत नळी सोडावी. ती आपोआप दारापर्यंत पोहोचेल.

फॉर्समान तेव्हा पंचविशीत होता. वडील पहिल्या महायुद्धात कामी आलेले, आई एकटी. बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावातल्या छोट्या रुग्णालयात तो नुकताच शल्यचिकित्सा शिकायला लागला होता. त्याने आपली कल्पना प्रमुख डॉक्टर रिचर्ड श्नायडर यांच्यापुढे मांडली आणि प्रयोग स्वतःवर करण्याची परवानगी मागितली. श्नायडर यांनी साफ नकार दिला. त्या काळच्या समजुतीप्रमाणे हृदयाला आतून परक्या वस्तूचा स्पर्श होणे म्हणजे मृत्यूच.

नकार ऐकून फॉर्समान गप्प बसला नाही. आधी एका सहकाऱ्याला त्याने भरीला घातले. त्याने फॉर्समानच्या दंडातून नळी ३५ सेंटीमीटरपर्यंत आत सरकवली आणि तिथेच त्याचा धीर सुटला. नळी बाहेर आली. आता फॉर्समानला एकट्यानेच जायचे होते. पण निर्जंतुक हत्यारांच्या कपाटाची किल्ली गेर्डा डिट्झेन या परिचारिकेकडे असे. तो तिच्याशी बोलत राहिला, पुस्तके दाखवत राहिला. हळूहळू तिला विषयाची गोडी लागली आणि एक दिवस ती म्हणाली, प्रयोग माझ्यावर करा.

दुपारची जेवणे उरकून रुग्णालय वामकुक्षीत गेले होते. गेर्डा शस्त्रक्रियेच्या टेबलावर आडवी झाली. फॉर्समानने तिचे हातपाय पट्ट्यांनी बांधले, दंडावर आयोडीन चोळले आणि तो तिच्या नजरेआड झाला. तिला वाटले, भूल चढण्याची वाट पाहतो आहे. तो मात्र स्वतःच्या डाव्या कोपरापाशी सुई टोचत होता. भूल चढताच त्याने त्वचा कापली, शीर उघडी केली आणि मूत्रमार्गासाठी वापरायची ६५ सेंटीमीटर लांबीची बारीक नळी तीत सरकवायला सुरुवात केली. हातभर नळी आत गेल्यावर तो परत आला, गेर्डाचे बंध सैल केले आणि क्ष-किरण विभागातल्या परिचारिकेला बोलव म्हणून सांगितले. आपली फसवणूक झाली, हे तेव्हा तिला कळले. पण आता रागवायला वेळ नव्हता.

दंडातून नळी लोंबते आहे अशा अवस्थेत तो जिना उतरून तळघरातल्या क्ष-किरण खोलीत गेला. तेवढ्यात त्याचा मित्र पेटर रोमाइस धावत आला आणि नळी ओढून काढू लागला. फॉर्समानने त्याच्या नडगीवर लाथ घालून त्याला दूर केले. नळीचे टोक अजून खांद्यापाशीच होते. पडद्यावर आपली छाती आपल्यालाच दिसावी, म्हणून परिचारिकेने समोर आरसा धरला. त्या आरशात पाहत तो नळी पुढे सारू लागला. एकेक सेंटीमीटर. काळी रेघ खांद्यावरून वळली, गळपट्टीच्या हाडामागून खाली उतरली आणि हृदयाच्या सावलीत शिरली. हृदय थांबले नाही. तो मेला नाही. त्याने फोटो काढायला सांगितले. माणसाच्या जिवंत हृदयात, उजव्या कप्प्यात पोहोचलेली नळी त्या फिल्मवर कायमची उमटली.

शोधाचा क्षण एवढाच. पुढची सत्तावीस वर्षे उपेक्षेची होती. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचा लेख प्रसिद्ध झाला, वर्तमानपत्रांत खळबळ उडाली आणि बर्लिनच्या सुप्रसिद्ध शारिटे रुग्णालयातली नोकरी त्याला सोडावी लागली. असले खेळ सर्कशीत शोभतात, अशा शब्दांत तिथल्या थोर शल्यविशारदांनी त्याला हिणवल्याचे सांगतात. हृदयाचा नाद सुटला, तो मूत्ररोगतज्ज्ञ झाला. १९३२ मध्ये तो नाझी पक्षाचा सदस्य झाला, हा डागही त्याच्या चरित्रावर आहे. युद्धात लष्करी डॉक्टर, मग युद्धकैदी, मग खेड्यातला वैद्य. इकडे न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स या दोघांनी त्याच वाटेने शेकडो रुग्णांच्या हृदयातले दाब मोजले आणि वेड्याचा खेळ शास्त्र होऊन बसला. १९५६ मध्ये त्या दोघांबरोबर एका आडगावच्या मूत्ररोगतज्ज्ञालाही नोबेल जाहीर झाले. जर्मनी चकित झाली, आणि सर्वांत जास्त चकित झाला फॉर्समान स्वतः.

नळी हृदयात पोहोचली होती, पण हृदयविकाराचे मूळ वेगळ्याच ठिकाणी दडलेले होते. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवते. त्याच्या स्वतःच्या स्नायूला मात्र रक्त मिळते ते महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन बारीक धमन्यांतून. रुंदी जेमतेम तीन-चार मिलिमीटर. त्यांत चरबीचे थर साचले की चालताना छाती भरून येते आणि वाट पुरती बंद झाली की स्नायू मरू लागतो. या धमन्यांत थेट रंगद्रव्य सोडले तर त्या पडद्यावर दिसतील, हे ठाऊक होते. पण तसे केले तर हृदय फडफडून बंद पडेल, अशी पक्की समजूत असल्याने कोणी त्या वाटेला जात नव्हते.

३० ऑक्टोबर १९५८. अमेरिकेतले क्लीव्हलँड क्लिनिक. डॉ. मेसन सोन्स एका २६ वर्षांच्या तरुणाची झडप तपासत होता. टेबलाखाली खणलेल्या खड्ड्यात उभा राहून तो पडद्यावर नजर ठेवी. नळीचे टोक महाधमनीत होते. सहाय्यकाने रंगद्रव्य सोडले आणि सोन्सच्या काळजाचा ठोका चुकला. टोक घसरून उजव्या हृद्‌धमनीच्या तोंडात शिरले होते, आणि सगळा फवारा तिच्यातच जात होता. ‘नळी काढा,’ म्हणून तो ओरडला. तोवर सुमारे तीस मिलिलिटर द्रव्य आत गेले होते. खड्ड्यातून उडी मारून तो वर आला. आलेखावर सरळ रेघ. हृदय थांबले होते.

छातीवर दाब देऊन हृदय चालू करण्याची पद्धत तेव्हा रूढ झालेली नव्हती. छाती उघडायची म्हणून त्याने सुरी शोधली. तेवढ्यात त्याच्या लक्षात आले की हृदय फडफडत नाही, नुसते स्तब्ध आहे. आणि रुग्ण अजून शुद्धीवर आहे. जोराच्या खोकल्याने छातीतला दाब वाढतो, त्या दाबाने हे द्रव्य पुढे ढकलले जाईल. ‘खोका!’ सोन्स ओरडला. तरुण खोकला. एकदा, दोनदा, तीनदा. आणि रेघ हलली. ठोके पुन्हा सुरू झाले.

दुसरा एखादा देवाचे आभार मानून तो दिवस विसरून गेला असता. सोन्सने त्या भीतीतून प्रश्न उचलला. एवढ्या द्रव्यानेही माणूस जगतो, तर अगदी थोडे, सांभाळून सोडले तर? त्याने नळीचे टोक निमुळते केले, मात्रा घटवली, आणि हृद्‌धमन्यांचे चलचित्र काढण्याची पद्धत घडवली. घरोघरी जिला आज नुसते ‘अँजिओ’ म्हणतात, ती हीच. ब्लॉकेज नेमके कुठे आहे हे दिसू लागले. त्या नकाशाच्या आधारावर त्याच क्लीव्हलँडमध्ये रेने फावालोरो याने १९६७ मध्ये पायातली शीर वापरून बायपास शस्त्रक्रियेचा राजमार्ग आखला.

पण त्यासाठी छाती उघडावी लागे. नळी पाहू शकत होती, दुरुस्त करू शकत नव्हती.

१६ जानेवारी १९६४ रोजी ओरेगॉनमधल्या पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटरपुढे एक ८२ वर्षांची आजी आली. पायाची धमनी अरुंद होऊन बोटे सडू लागली होती. पाय कापायला ती काही केल्या तयार नव्हती. डॉटरने त्या अरुंद जागेतून आधी तार सरकवली, तिच्यावरून बारीक नळी आणि तिच्यावरून जाड नळी घातली. काही मिनिटांत थंडगार पाऊल उबदार झाले. पुढे शेवटपर्यंत ती स्वतःच्या दोन्ही पायांवर चालली. अमेरिकेतल्या शल्यविशारदांनी डॉटरला वेड्यात काढले. युरोपात मात्र काही जणांनी त्याचे तंत्र उचलले, आणि त्यांच्याकडून ते झुरिकमधल्या एका तरुण डॉक्टरच्या कानी गेले.

आंद्रेआस ग्रुन्त्सिग ड्रेस्डेनमध्ये जन्मलेला, पूर्व जर्मनीतून निसटून आलेला. त्याला डॉटरची कल्पना पटली, पण नळीवर नळी चढवण्याची रीत हृदयाच्या नाजूक धमनीला झेपणारी नव्हती. नळीच्या टोकाला फुगा असावा. मिटलेला आत जावा, नेमक्या जागी फुगावा, थराला भिंतीशी दाबावा आणि पुन्हा मिटून बाहेर यावा. ऐकायला सोपे. पण रबराचा फुगा अरुंद जागी दाब देण्याऐवजी दोन्ही बाजूंनी फुगे. हवा होता तो ठरल्या आकाराबाहेर न जाणारा आणि तरीही टणक राहणारा फुगा. असा फुगा बाजारात नव्हता आणि तो बनवून देणारा कारखानाही नव्हता.

मग त्याच्या घरातले स्वयंपाकाचे टेबल हीच प्रयोगशाळा झाली. दिवसभर रुग्णालय आणि रात्री त्या टेबलाभोवती तो, त्याची पत्नी, त्याची सहाय्यक मारिया श्लुम्फ आणि तिचा नवरा. दाढीची पाती, रेशमी दोरा, डिंकासारखा चिकट राळेचा गोंद, प्लॅस्टिकच्या सुतासारख्या नळ्या. कापायचे, तापवायचे, बांधायचे, फुगवून पाहायचे. फुटला की पुन्हा पहिल्यापासून. रसायनशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकाने पीव्हीसी वापरून पाहण्याचा सल्ला दिला आणि दोनेक वर्षांच्या खटाटोपानंतर एक चिमुकला, लांबट फुगा टेबलावर आकाराला आला. १२ फेब्रुवारी १९७४ रोजी त्याने एका रुग्णाच्या पायाची धमनी उघडली.

हृदयासाठी तोच फुगा आणखी बारीक करायचा होता. कुत्र्यांवरचे प्रयोग घेऊन १९७६ मध्ये तो मायामीच्या हृदयरोग परिषदेत गेला आणि आपल्या फलकाशेजारी उभा राहिला. येणारे-जाणारे मान हलवून पुढे जात. अटलांटाच्या स्पेन्सर किंग या तज्ज्ञाने तर तोंडावर सांगितले, हे कधीच जमणार नाही.

१६ सप्टेंबर १९७७. झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात ३८ वर्षांचा एक विमा प्रतिनिधी टेबलावर होता. डाव्या हृद्‌धमनीच्या पुढच्या बाजूने उतरणाऱ्या फांदीत छोटासा, पण घातक अडथळा. बायपास ठरलेलीच होती. त्याने आधी फुगा आजमावायला होकार दिला. ज्यांच्या हाती बायपास होती, ते थोर शल्यविशारद ओके सेनिंग यांनी ग्रुन्त्सिगला अडवले नाही. शस्त्रक्रियेचे पथक सज्ज उभे होते. फुगा फुटला किंवा धमनी फाटली, तर छाती तत्काळ उघडायची होती.

मांडीतून निघालेली नळी महाधमनीतून वर चढली आणि अडथळ्यापाशी थांबली. ग्रुन्त्सिगने फुगा फुगवला. काही क्षण धमनी पूर्ण बंद. रुग्णाची छाती दुखली नाही, आलेखाची लय बिघडली नाही. फुगा मिटला, दुसऱ्यांदा फुगवला, मिटला. मग रंगद्रव्य सोडले. जिथे सुईच्या नेढ्याएवढी फट होती, तिथून रंगाची जाड, काळी धार सळसळत खाली उतरली. सज्ज पथकाला करण्यासारखे काही उरलेच नव्हते.

दोन महिन्यांनी त्याने आपले पहिले चार रुग्ण अमेरिकेतल्या परिषदेपुढे ठेवले, तेव्हा सभागृह टाळ्यांनी दणाणले. श्रोत्यांत मेसन सोन्स होता. त्याचे डोळे पाणावले होते. तीन वर्षांनी ग्रुन्त्सिगला अटलांटात बोलावून घेण्यात पुढाकार होता स्पेन्सर किंगचा. ग्रुन्त्सिगने आपली विद्या झाकून ठेवली नाही. तो इतर डॉक्टरांसमोर थेट प्रात्यक्षिके करी आणि यशाइतकेच अपयशही उघड्यावर मांडी. काही धमन्या काही महिन्यांत पुन्हा आकसत, हे तो लपवत नसे. त्यावरचा उपाय, धमनीला आतून आधार देणारी जाळी, म्हणजेच स्टेंट, १९८६ मध्ये युरोपात प्रथम माणसाच्या हृदयात बसला. फुग्याने धमनी उघडण्याची ही रीत, म्हणजेच अँजिओप्लास्टी, भारतात रुजवणारे डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलारिकल हेही ग्रुन्त्सिगच्याच हाताखाली शिकलेले.

पण स्टेंट पाहायला ग्रुन्त्सिग उरला नाही. १९८५ हे वर्ष या कथेवर वज्रासारखे कोसळले. फेब्रुवारीत डॉटर गेला, ऑगस्टमध्ये सोन्स, आणि २७ ऑक्टोबरला स्वतःचे विमान चालवत असताना ग्रुन्त्सिग पत्नीसह अपघातात मरण पावला. वय अवघे ४६.

झुरिकच्या त्या विमा प्रतिनिधीची दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, पुन्हा अँजिओग्राफी झाली. स्वयंपाकाच्या टेबलावरून सुरू झालेल्या फुग्याने मोकळी केलेली त्याच्या हृदयाची धमनी तेव्हाही उघडीच होती.