स्टिकर एका कंपनीचा, कार्ड दुसऱ्या कंपनीचं

‘ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं आहे ना? मग फ्रीसिंकचा मॉनिटर घेऊ नका, चालणार नाही.’ गेमिंगसाठी मॉनिटर घ्यायला निघालेल्या माणसाला हा सल्ला अजूनही हमखास मिळतो. तो शिळा होऊन पाच-सहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, पण एके काळी तो अगदी खरा होता, आणि म्हणूनच तो मरत नाही.

मुळात ‘चालणं’ म्हणजे काय? पोर्ट जुळला की चित्र कुठल्याही कार्डावरून कुठल्याही मॉनिटरवर दिसतं. प्रश्न असतो तो वेळ जुळण्याचा. साठ हर्ट्झचा साधा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी पडदा नव्याने रंगवतो, मग कार्डाची फ्रेम तयार असो वा नसो. वेळ झाली की प्रवासी चढो न चढो, लोकल सुटते तसं. रंगवणं अर्ध्यावर असताना नवी फ्रेम आली, तर वरचा भाग जुना आणि खालचा नवा, म्हणजे चित्र मध्येच फाटलेलं दिसतं. व्ही-सिंक लावलं तर कार्डालाच थांबावं लागतं आणि खेळ अडखळतो. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकमध्ये उलट मॉनिटर कार्डासाठी थांबतो.

एनव्हिडियाने २०१३ साली जी-सिंक आणलं तेव्हा त्यासाठी मॉनिटरमध्ये कंपनीचं स्वतःचं वेगळं मोड्यूल बसवावं लागे, आणि किंमत चढे. २०१४ मध्ये व्हेसा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक डिस्प्लेपोर्टच्या मानकात घेतलं. एएमडीचं फ्रीसिंक त्याच पायावर उभं राहिलं. एनव्हिडियाने मात्र तिकडे पाठ फिरवली होती. ती भिंत जानेवारी २०१९ मध्ये पडली. त्या महिन्यात आलेल्या ड्रायव्हरपासून जीटीएक्स १० मालिका आणि त्यापुढची कार्डं डिस्प्लेपोर्टवरून फ्रीसिंक मॉनिटरशी जुळवून घेतात.

त्याच वेळी दुसरा गैरसमज जन्माला आला. एनव्हिडियाने तेव्हा जाहीर केलं की चाचणी घेतलेल्या ४०० मॉनिटरपैकी फक्त १२ उत्तीर्ण झाले. लोकांनी अर्थ लावला, बाकीचे ३८८ बाद. खरं तर उत्तीर्ण झालेल्या मॉनिटरवर ही सोय आपोआप सुरू होते, एवढाच फरक. बाकीच्यांवर ती एनव्हिडियाच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने सुरू करता येते. काहींवर ती बिनबोभाट चालते, काहींवर पडदा लुकलुकतो. चिकटवलेला शिक्का ही हमी आहे, परवाना नव्हे.

उलट बाजूचा धोका जास्त खरा आहे. जुन्या मोड्यूलचा जी-सिंक मॉनिटर एएमडीच्या कार्डाला लावला तर तो निव्वळ ठरलेल्या रिफ्रेश रेटचा मॉनिटर उरतो. नंतरच्या काही मोड्यूलांमध्ये ही अट सैल झाली, पण सेकंडहँड घेताना तपशिलात ‘अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक’ हा शब्द शोधावाच.

आता केबल. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. बऱ्याच स्वस्त मॉनिटरमध्ये एचडीएमआयवरूनही फ्रीसिंक चालतं, पण ती एएमडीची स्वतःची जोड आहे. एनव्हिडियाच्या कार्डाला ती कळत नाही. मॉनिटर तोच, कार्ड तेच. डिस्प्लेपोर्टची केबल लावली की काम होतं. एचडीएमआय २.१ मध्ये व्हीआरआर नावाची वेगळी, सर्वांसाठीची सोय आहे, मात्र ती ऐच्छिक असल्याने खोक्यावर ‘२.१’ छापलंय म्हणून ती असेलच असं नाही. गंमत म्हणजे प्लेस्टेशन ५ मध्ये ग्राफिक्स एएमडीचंच, तरी त्याला एचडीएमआयचं व्हीआरआर लागतं. निव्वळ फ्रीसिंकवर ते चालत नाही. चिप कोणाची एवढ्यावरून काही ठरत नाही, ते असं.

‘फ्रीसिंक आहे’ म्हणजे सगळं आलं, हेही खरं नाही. प्रत्येक मॉनिटरवर ही सोय रिफ्रेश रेटच्या ठरावीक पल्ल्यातच चालते. ४८ ते १४४ हर्ट्झचा मॉनिटर, कार्ड ४० फ्रेमवर घसरलं तर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून ८० हर्ट्झवर चालतो आणि पल्ल्यात राहतो. ४८ ते ७५ वाल्याला हे जमत नाही, कारण ८० त्याच्या आवाक्याबाहेर. म्हणजे कार्ड सर्वात थकलेलं असतं नेमक्या त्या वेळी सोय बंद पडते. वरचा आकडा खालच्याच्या किमान दुप्पट हवा. माझ्या मते स्टिकरपेक्षा हा हिशेब आधी करावा, विशेषतः कार्ड जेमतेम असेल तर.

एवढं करून फ्रेम वाढत नाहीत. ३५ देणारं कार्ड ३५च देणार. त्या नीट दिसतील, इतकंच.

आणि अंधाऱ्या दृश्यात किंवा लोडिंगच्या वेळी पडदा लुकलुकला, तर कार्ड बदलायला धावू नये. व्हीए आणि ओलेड पॅनेलचा उजेड रिफ्रेश रेटबरोबर किंचित बदलतो, त्यामुळे फ्रेम झपाट्याने वरखाली झाल्या की ते डोळ्यांना जाणवतं. गेममध्ये फ्रेमची कमाल मर्यादा घातली तर बरंच कमी होतं. आणि सोय मुळात चालतच नसेल, तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ती सुरू आहे का, विंडोजमध्ये रिफ्रेश रेट साठावरच अडकलाय का, आणि केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला तर खोचलेली नाही ना, हे बघून घ्यावं.