न उच्चारलेलं उत्तर

प्रेमकविता म्हटलं की आपल्याला विरह आठवतो. पण माणूस शेजारीच बसलेलं आहे आणि तरी त्याचा भरवसा वाटत नाही, याचं काय? टी. एस. एलियटच्या 'द वेस्ट लँड' या १९२२ सालच्या दीर्घकवितेचा दुसरा भाग मी त्यासाठी पुन्हा पुन्हा वाचतो. त्याचं नाव आहे 'अ गेम ऑफ चेस'. त्यात एक अस्वस्थ स्त्री जवळच्या पुरुषाला बोलतं करू पाहते, त्याच्या मनात काय चाललंय ते विचारत राहते.

तिचं बोलणं अवतरणचिन्हांत छापलंय, त्याची उत्तरं मात्र त्या चिन्हांशिवाय. कॉलेजात शिकताना हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. म्हणजे तो बहुधा मोठ्याने बोलतच नाही! उत्तर आपल्याला कळतं, तिला नाही. मग ती पुन्हा विचारते. तिला संशयी म्हणणं सोपं आहे. पण समोरचा असा गप्प बसला, तर दुसरं काय होणार?

या प्रसंगात अनेकांना एलियटचाच संसार दिसतो. विव्हियनशी त्याचं लग्न १९१५ मध्ये झालं. ते सुखाचं नव्हतं. तरी याच भागाच्या हस्तलिखितावर तिने कौतुकाचे शेरे लिहिले. फक्त एक ओळ तिच्या सांगण्यावरून गाळली गेली. त्या दोघांना सोबत कुणाची, तर बुद्धिबळाच्या हस्तिदंती मोहऱ्यांची, अशा अर्थाची. १९३३ मध्ये एलियट तिच्यापासून वेगळा झाला. १९४७ मध्ये ती वारली. पुढे १९६० मध्ये त्याने ही कविता स्वहस्ते पुन्हा लिहून काढली, तेव्हा ती ओळ आठवणीतून परत घातली.