उंदरांचा वैरी, पण राखणीला सोपा नाही : टेरियर पाळण्याआधी

जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर भोंग्याला कान लावून बसलेला कुत्रा आठवतो? 'कुत्रा छाप' तबकडी म्हणून ती गावोगावी ओळखली जायची. ते चित्र इंग्लंडमधल्या निप्पर नावाच्या कुत्र्याचं. निप्पर मेला १८९५ साली, चित्र निघालं त्यानंतर, आणि १८९९ मध्ये ते ग्रामोफोन कंपनीनं विकत घेतलं. हा निप्पर टेरियरच्याच रक्ताचा.

टेरियर हे नाव लॅटिनमधल्या 'टेरा' म्हणजे जमीन या शब्दावरून आलं. कोल्ह्याच्या, उंदराच्या बिळात शिरून त्याला बाहेर काढायचं, हे याचं मूळ काम. गोऱ्या साहेबांबरोबर फॉक्स टेरियर हिंदुस्थानातल्या छावण्यांमध्ये आले आणि पुण्याचं लष्कर ही मोठी छावणी. आज पुण्यात जास्त करून जॅक रसेल टेरियरची पिल्लं मागितली जातात. जॉन रसेल या इंग्लंडमधल्या पाद्र्यानं १८१९ मध्ये 'ट्रम्प' नावाची कुत्री घेतली आणि तिच्यापासून ही पैदास वाढवली. उंची २५ ते ३० सेंटिमीटर, वजन ५-६ किलो, अंग पांढरं, त्यावर काळे किंवा तांबूस ठिपके. दिसायला खेळणं, पण अंगात मस्ती मोठ्या कुत्र्याची.

शहरात फ्लॅटमध्ये आणलेलं हे पिल्लू सहा महिन्यांत सोफा कुरतडतं, भुंकून शेजाऱ्यांना वैताग आणतं. मग मालकाला गावाकडचा मळा आठवतो. "मोकळं राहील बिचारं," म्हणून ते वस्तीवर आणून सोडतात. सांभाळायचं मात्र गड्याला पडतं! हवेली, मुळशी, खेडकडच्या शेतकऱ्यांनी असं कुत्रं घेण्याआधी थोडा विचार करावा.

धान्याच्या कोठीत, गोठ्याच्या पेंढ्यात, गव्हाणीखाली उंदीर झाले असतील तर टेरियर खरोखर उपयोगी पडतो. घूस दिसली की तो बीळ उकरल्याशिवाय सोडत नाही. पण ऊस किंवा भाताचं अख्खं रान एका कुत्र्यानं मोकळं होईल, ही आशा ठेवू नये. आणि उंदीर पकडणारं कुत्रं कोंबडीही पकडतं. पिल्लू लहान असतानाच कोंबड्यांजवळ दोरीला बांधून सवय लावली तर थोडं सुधारतं, तरी पूर्ण भरवसा ठेवू नये. बांध उकरणं, पाइपलाइनच्या कडेची माती काढणं हे तर याचे आवडते उद्योग.

उंदरांवर औषध टाकायचं असेल तर कुत्रा बांधून ठेवा. झिंक फॉस्फाईडची गोळी कुत्र्यानं खाल्ली तर पोटात विषारी वायू तयार होतो, त्यावर उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनचा परिणाम उशिरा, तीन-चार दिवसांनी, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येऊन दिसतो. हे औषध खाल्लेला उंदीर कुत्र्यानं खाल्ला तरी त्याला बाधा होऊ शकते. अशा वेळी डॉक्टर व्हिटॅमिन के देतात. दवाखान्यात जाताना औषधाचं पाकीट बरोबर न्यावं, उपचार लवकर ठरतो. मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरावेत.

जुन्नर, नारायणगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांनी आणखी एक ध्यानात ठेवावं : द्राक्षं आणि बेदाणे खाऊन कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कांदा, लसूण, चॉकलेटही नको. भाकरी, ताक, उकडलेलं अंडं, थोडं मांस यावर हा कुत्रा आनंदानं राहतो.

उंदरांच्या लघवीतून लेप्टोचा आजार पसरतो, म्हणून उंदीर मारणाऱ्या कुत्र्याला त्याची लस हवीच. पार्व्होची लस सहा ते आठ आठवड्यांपासून, रेबीजची तिसऱ्या महिन्यात व पुढे डॉक्टर सांगतील तशी, बहुधा दरसाल. जंतांचं औषध लहानपणी वरचेवर, नंतर दर तीन महिन्यांनी. पावसाळ्यात कानात, पायाच्या बोटांच्या बेचक्यात गोचीड पाहायचे. गोचीड तापानं कुत्रं झपाट्यानं खंगतं. ओढून काढलेला गोचीड पायाखाली चिरडू नये, रॉकेलमध्ये टाकावा. औंधला जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, तालुक्याला पशुधन विकास अधिकारी आहेत; त्यांचा सल्ला घ्यावा.

महापालिका हद्दीत कुत्रं पाळायला परवाना लागतो, त्यासाठी रेबीज लसीचा दाखला जोडावा लागतो. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली (फुरसुंगी, उरुळी देवाची पुढे वगळली). तिथल्या लोकांना हा नियम अजून नवाच वाटतो. पिल्लू घेताना विक्रेत्याची नोंदणी विचारा. २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.

चावा झाला तर हळद, चुना, मिरची काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. लसीचे ठरलेले सगळे डोस घ्यायचे, एकही चुकवायचा नाही.

शेवटचं बिबट्याचं. अकोले परिसरातल्या बिबट्यांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसात काय चाललंय ते वाचकांना सांगायला नको. पाच किलोचं कुत्रं म्हणजे बिबट्याला एक घास, आणि ते अंगणात बांधलेलं असलं तर बिबट्या घराच्या दारापर्यंत येतो. दिवस मावळला की त्याला आत घ्यावं, किंवा वरून जाळी असलेल्या बंद खुराड्यात ठेवावं.