शेततळ्यातील मासा आणि ज्वारीचे पीठ

जालना जिल्ह्यातील शेततळे प्रामुख्याने फळबागेसाठी खोदले जाते. उन्हाळ्यात मोसंबीची व द्राक्षाची बाग जगवावयाची, एवढाच त्याचा हेतू असतो. तथापि साठविलेले पाणी आठ-दहा महिने नुसते पडून राहण्याऐवजी त्यात मासे वाढविता येतात, हे आता अनेक शेतकऱ्यांना पटलेले आहे. मासे मोठे झाले की व्यापारी येतो, जाळे पडते आणि सर्व माल टेम्पोत भरून जातो. घरच्या चुलीवर त्यातील क्वचितच काही शिजते. ज्या अन्नासाठी शहरातील मनुष्य चांगले पैसे मोजतो ते पिकविणाऱ्याच्याच ताटात नसावे, ही स्थिती बदलावयास हवी.

ज्या घरातील एखाद्या मुलास गहू सोसत नाही, त्या घराला तर ही गोष्ट विशेष लागू आहे. अशा मुलाला रोज काय खाऊ घालावे ही त्या घराची मोठी विवंचना असते. शेततळ्यातील ताजा मासा, शेतातील ज्वारी आणि मसाल्याच्या डब्यातील चार जिन्नस यांतून त्या मुलासाठी व सर्व कुटुंबासाठी एकच रुचकर व पौष्टिक पदार्थ कसा करता येतो, याची माहिती येथे दिली आहे.

गव्हातील चिकटपणा म्हणजे काय?

गव्हाची कणीक ताणली तर लांबते, तुटत नाही. ज्वारीच्या पिठाला मात्र उकळते पाणी घालून, तळहाताने रगडून मळावे लागते. तरीही भाकरी थापताना कडा फाटतात. हा फरक प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. त्याचे कारण असे की, गव्हात ग्लुटेन नावाचे चिवट प्रथिन असते व ज्वारीत ते नसते. बाजरी, मका, नाचणी व तांदूळ यांतही ते नसते. जवामध्ये म्हणजे सातूमध्ये मात्र त्याच जातीचे प्रथिन असते. म्हणून सातूचे पीठ गव्हाइतकेच वर्ज्य समजावे.

बहुसंख्य लोकांना ग्लुटेन सहज पचते. त्यांनी गहू सोडण्याचे काहीही कारण नाही. परंतु काही व्यक्तींच्या शरीरात ग्लुटेन गेले की लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते व खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. या विकारास सीलिअॅक असे म्हणतात. वारंवार जुलाब, फुगलेले पोट, खुंटलेली वाढ आणि औषधाने न हटणारा रक्तक्षय ही त्याची नेहमीची लक्षणे होत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला. त्याच काळात हा विकार असलेल्या मुलांची प्रकृती सुधारत असल्याचे विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाच्या ध्यानी आले. दोष गव्हात आहे, हे त्यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात मांडले. या विकारावर आजही मुख्य उपाय एकच आहे, तो म्हणजे आयुष्यभर ग्लुटेन टाळणे.

येथे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. लक्षणे दिसली म्हणून मुलाचा गहू परस्पर बंद करू नये. रक्ताची व आवश्यक तर आतड्याची तपासणी गहू आहारात असतानाच करावी लागते. आधीच गहू सोडल्यास तपासणीत रोग लपून राहतो. यास्तव प्रथम डॉक्टरांकडे पाठवावे व निदान झाल्यावरच आहार बदलावा.

मासा कोणता घ्यावा?

परदेशात मसाल्यात मुरविलेला सॅल्मन मासा आवडीने खाल्ला जातो. सॅल्मन हा थंड समुद्रातील व थंड नद्यांतील मासा आहे. तो आपल्या पाण्यात होत नाही. कोकण किनाऱ्यावरील रावस या माशास काही ठिकाणी ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात; पण तो निराळ्या कुळातील आहे आणि जालन्यास ताजा मिळणेही कठीण. त्याच्या मागे लागण्याची आवश्यकता नाही. कटला, रोहू व मृगळ हे मासे आपल्या शेततळ्यात उत्तम वाढतात. त्यांच्या १०० ग्रॅम मांसात सुमारे १६ ते १९ ग्रॅम प्रथिने असतात. सॅल्मनमध्ये चरबी व तीतील विशिष्ट पोषक तेले अधिक असतात, हे खरे. परंतु वाढत्या मुलास लागणारी प्रथिने आपला मासाही भरपूर देतो.

हे तिन्ही मासे मूळचे उत्तरेकडील नद्यांतील. साठलेल्या पाण्यात ते आपणहून अंडी घालत नाहीत. त्यामुळे पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. दिनांक १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. अलिकुन्ही यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवून आणले. त्या यशामुळेच आज मत्स्यबीज केंद्रातून बोटुकली विकत आणून मराठवाड्यातील तळ्यात सोडणे शक्य झाले आहे.

शेततळ्यातील माशाविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते, ती म्हणजे मातकट वासाची. पहिल्या पावसात जमिनीला जो गंध येतो, तोच पदार्थ या वासालाही कारण असतो. पाण्यातील निळे-हिरवे शेवाळ व तळाच्या गाळातील सूक्ष्म जीव तो तयार करतात व तो माशाच्या अंगात मुरतो. आंबट पदार्थाने त्याचा जोर कमी होतो. लिंबू, चिंच किंवा ताक लावण्याची आपली जुनी रीत शास्त्राला धरूनच आहे. शक्य असल्यास घरी ठेवावयाचे मासे दोन दिवस स्वच्छ पाण्याच्या हौदात खाद्य न देता ठेवावेत. वास पुष्कळ कमी होतो.

कपाशीवर फवारलेल्या औषधाचे पाणी वाहून तळ्यात येणार नाही, याची दक्षता घ्यावी. औषधामुळे मेलेला किंवा कारण न कळता पाण्यावर तरंगलेला मासा खाऊ नये व विकूही नये.

मासा साफ करणे

जाळे ओढण्याचे काम मराठवाड्यात पुष्कळदा मार्च-एप्रिलमध्ये, तळे आटू लागल्यावर होते. त्या वेळी ऊन कडक असते. म्हणून मासा काढताच जेवढा मासा तेवढाच बर्फ वापरून तो घरी आणावा. डोळे चकचकीत, कल्ले लाल आणि मांस दाबले असता पुन्हा वर येणारे असावे.

खवले शेपटीकडून डोक्याकडे खरवडावेत. कल्ले काढून टाकावेत. पोट चिरताना यकृताजवळील हिरवट पित्ताची पिशवी फुटू देऊ नये. ही पिशवी औषधी असते असा समज काही ठिकाणी आहे. तो अत्यंत घातक आहे. रोहू, कटला, गवत्या अशा माशांचे पित्त विषारी असून ते गिळल्याने मूत्रपिंडे निकामी झाल्याची उदाहरणे आपल्या देशातही घडलेली आहेत. पित्त शिजविल्यानेही निर्धोक होत नाही. ती पिशवी पुरून टाकावी.

कण्याला लागून असलेले काळे रक्त बोटाने काढून मासा धुवावा व बोटाच्या जाडीच्या तुकड्या कराव्यात. या माशांच्या मांसात, विशेषतः शेपटीकडे, बारीक काटे असतात. लहान मुलांसाठी पोटाकडील तुकडी निवडावी व काटे वेचूनच त्यांच्या ताटात वाढावी.

मसाल्यात मुरविण्याची कृती

एक किलो साफ केलेल्या तुकड्यांस पुढील साहित्य लागते : मीठ दोन चहाचे चमचे, हळद एक चमचा, दोन लिंबांचा रस किंवा तेवढ्याच आंबटपणाचा चिंचेचा कोळ, लसणाच्या पंधरा पाकळ्या, पेराएवढे आले, मूठभर कोथिंबीर, लाल तिखट तीन चमचे व करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल. वरून लावण्यासाठी एक वाटी ज्वारीचे पीठ व पाव वाटी तांदळाचे पीठ घ्यावे.

प्रथम तुकड्यांना मीठ, हळद व लिंबाचा रस चोळून पंधरा मिनिटे ठेवावे. सुटलेले पाणी ओतून द्यावे. मातकट वासाचा बराच भाग त्याबरोबर जातो. नंतर लसूण, आले व कोथिंबीर पाट्यावर वाटून त्यात तिखट व चमचाभर तेल मिसळावे आणि ते वाटण तुकड्यांना सर्व बाजूंनी लावावे. झाकून थंड जागी आणखी वीस मिनिटे मुरू द्यावे. यापेक्षा अधिक वेळ ठेवण्यात लाभ नाही. आंबटाने मांस पांढरे होते व शिजल्यासारखे दिसते, परंतु त्याने रोगजंतू मरत नाहीत; उलट तुकडी भुसभुशीत होऊन तव्यावर फुटते.

दोन्ही पिठे चिमूटभर मीठ घालून एकत्र करावीत. तुकडी पिठात घोळवून ताबडतोब तव्यावर टाकावी. आधी घोळवून ठेवल्यास पीठ ओले होऊन सुटते. पुष्कळ ठिकाणी यासाठी रवा वापरतात; पण रवा हा गव्हाचाच. ज्वारीचे पीठ ताणले जात नाही हा भाकरीतील त्याचा दोष येथे आड येत नाही, कारण माशावरील थराला ताण सोसावा लागत नाही. तांदळाच्या पिठामुळे तो थर कुरकुरीत होतो.

तवा चांगला तापल्यावर तेल सोडावे व मध्यम आचेवर प्रत्येक बाजू चार ते पाच मिनिटे भाजावी. एक बाजू तांबूस होईपर्यंत उलथने लावू नये. मांस पूर्ण पांढरे होऊन काट्यापासून सहज सुटले म्हणजे मासा शिजला असे समजावे. गोड्या पाण्यातील मासा कधीही अर्धवट शिजवू नये.

खरी अडचण पिठाची

गहू वर्ज्य असलेल्या व्यक्तीसाठी स्वयंपाक करताना नुसते ज्वारीचे पीठ वापरले म्हणजे काम भागले, असे नाही. आपल्या देशातील अन्नसुरक्षेच्या नियमानुसार ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकावयाच्या एक किलो पदार्थात २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असता कामा नये. गव्हाच्या १०० ग्रॅम पिठात साधारणपणे ८ ते १० ग्रॅम ग्लुटेन असते. या हिशोबाने गव्हाचे पाव ग्रॅम पीठ, म्हणजे जेमतेम एक चिमूट, किलोभर ज्वारीच्या पिठाची मर्यादा संपविते. गावच्या गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळलेला असेल, तर जात्याच्या पाळ्यांत व नळीत याच्या कितीतरी पट पीठ अडकलेले असते.

गिरणीच्या आधीही मिसळ होते. रब्बीत शाळू व गहू मागेपुढे निघतात आणि एकाच मळणी यंत्रातून जातात. म्हणून घरासाठी ठेवावयाच्या ज्वारीची मळणी यंत्र स्वच्छ करून घ्यावी, ती वेगळ्या पोत्यात साठवावी व दळण्यापूर्वी ताटात पसरून गव्हाचा दाणा न् दाणा वेचावा. दळण्यासाठी घरच्या कोपऱ्यात पडलेले जुने जाते टाकी लावून पुन्हा मांडावे व त्यावर गहू कधीही दळू नये. ज्यांना शक्य आहे त्यांनी घरगुती चक्की केवळ ज्वारी-तांदळासाठी राखावी.

याशिवाय पुढील बाबी सांभाळाव्यात :

१. बाजारातील खड्याच्या व पुडीच्या हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो. वेष्टन वाचल्याशिवाय हिंग वापरू नये. तयार मसाल्याबाबतही हाच नियम पाळावा.

२. ज्या तेलात पुऱ्या तळल्या ते तेल माशासाठी घेऊ नये.

३. पोळीचा तवा, परात व पोळपाट वेगळे ठेवावेत. निदान मासा व भाकरी आधी करावी व पोळ्या नंतर कराव्यात.

४. तांदळाचे पीठही त्याच जात्यावर घरीच दळावे.

ज्या घरी मासा चालत नाही, त्यांनाही पिठाविषयीची ही सर्व दक्षता तितकीच लागू आहे.

एकच ताट

पूर्वी मराठवाड्याच्या घरात रोज ज्वारीची भाकरी असे व पोळी सणाला होई. पुढे पोळी ही प्रतिष्ठेची खूण झाली आणि भाकरी मागे पडली. अशा घरात गहू न सोसणाऱ्या मुलाला निराळे काढून वाढले, की ते आजाराहून अधिक या वेगळेपणाने खिन्न होते. लग्नाच्या पंगतीत त्याने उपाशी बसावे किंवा लाजेखातर पोळी खाऊन पुढे आठ दिवस आजारी पडावे, हे दोन्ही टाळता येण्याजोगे आहे. मसाल्यात मुरवून ज्वारीच्या पिठात भाजलेला मासा, गरम भाकरी व कांदा हे जेवण सर्वांनी मिळून खाण्याजोगे आहे. ते पथ्य आहे, हे कोणाच्या ध्यानीही येणार नाही.

कृषी कार्यकर्त्यांनी मत्स्यशेतीची माहिती देताना विक्रीबरोबर घरच्या वाट्याचीही आठवण द्यावी. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्यांनी, वाढ खुंटलेल्या व वारंवार पोट बिघडणाऱ्या मुलांना तपासणीसाठी वेळीच पाठवावे. शेतकऱ्यांनी पुढील जाळे पडेल तेव्हा व्यापाऱ्याचा काटा लागण्यापूर्वी घरापुरते चार मासे बाजूला काढावेत. तळे आपले, ज्वारी आपली. मग त्यांचा पहिला घासही आपल्या मुलांचाच असावा.