बिजागरी, बिसाग्रा आणि विसरणे

मलकापूरच्या सुताराची बिजागरी स्पॅनिशमध्ये 'बिसाग्रा' होते. पोर्तुगीजांमार्फत मराठीत आलेले असे शब्द स्पॅनिश शिकणाऱ्याला सुरुवातीला हात देतात. 'पागार' म्हणजे पैसे देणे, हे वेगळे शिकवावे लागत नाही. अडते ते पुढे. नेहमीचे दोन-तीन हजार शब्द वाचनात सारखे भेटतात. त्यापलीकडचा एखादा आज दिसला, तर महिनाभर दिसत नाही आणि विसरला जातो.

मग याद्या वाचणे सुरू होते. हा उपाय सोपा, पण फसवा. कार्पिकी आणि रोडिगर यांनी 2008 मध्ये अमेरिकी विद्यार्थ्यांना स्वाहिलीचे 40 शब्द दिले. एकदा आठवलेला शब्दही जे पुन्हा पुन्हा स्वतःला विचारत राहिले, त्यांना आठवड्याने सुमारे 80 टक्के शब्द आठवले. विचारणे थांबवून नुसते वाचत राहिलेल्यांना जेमतेम 36 टक्के. म्हणजे अर्थ झाकून आठवायचे: उद्या, चार दिवसांनी, मग पंधरवड्याने.

शब्द एकटा घेऊ नये, हेही खरे. 'हार'पासून आहार, प्रहार, संहार होतात, तसे 'पोनेर' म्हणजे ठेवणे, त्यापासून 'प्रोपोनेर' सुचवणे, 'सुपोनेर' गृहीत धरणे, 'इम्पोनेर' लादणे.