पेल्यातले थर आणि फळांना सुटणारे पाणी

मऊ केक, फळांच्या फोडी आणि घुसळून फुलवलेले क्रीम यांचे एकावर एक थर काचेच्या लहान पेल्यात रचून ते प्रत्येक पाहुण्यास स्वतंत्र देण्याची पद्धत आता वाढदिवस, डोहाळजेवण आणि घरगुती मेजवान्यांत चांगलीच रुळली आहे. मोठ्या भांड्यातून डावाने वाढताना थर मोडतात आणि शेवटच्या पाहुण्याच्या वाट्याला फळांपेक्षा रसच अधिक येतो; स्वतंत्र पेल्यांत ही अडचण राहत नाही. तरीही सकाळी देखणे दिसणारे पेले संध्याकाळी तळाशी पाणी साचून आणि वरचे क्रीम बसून बेढब झालेले अनेकदा आढळतात. पाककृती बरोबर असूनही असे घडते, कारण या पदार्थाचे यश चवीच्या प्रमाणापेक्षा प्रत्येक थरातील पाणी त्याच थरात राखण्यावर अधिक अवलंबून असते.

या प्रकाराचे मूळ इंग्लंडमधील ‘ट्रायफल’ या पदार्थात आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ट्रायफल म्हणजे साखर, आले आणि गुलाबपाणी घातलेली दाट साय एवढाच अर्थ होता. अठराव्या शतकाच्या मध्यास तिच्याखाली वाइनमध्ये भिजवलेली बिस्किटे आणि कस्टर्ड, म्हणजे अंडी घालून दाट केलेल्या दुधाचा थर, आला आणि पुढे त्यात फळेही स्थिरावली. १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी अंडी न पचणाऱ्या आपल्या पत्नीसाठी मक्याच्या पिठाची कस्टर्ड पावडर तयार केली. अंडी वर्ज्य असलेल्या घरांतही कस्टर्ड शक्य झाले ते याच पावडरीमुळे. महाराष्ट्रात या परंपरेचा सर्वांत परिचित अवतार म्हणजे महाबळेश्वर-पाचगणी परिसरात उंच ग्लासात मिळणारे ‘स्ट्रॉबेरी विथ क्रीम’ होय.

क्रीम फुलते म्हणजे नेमके काय होते, हे समजल्यास निम्म्या चुका टळतात. दुधातील स्निग्धांशाचे सूक्ष्म कण घुसळताना अर्धवट एकमेकांस चिकटतात आणि आत शिरलेल्या हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळे विणतात. त्यामुळे क्रीमचे आकारमान सुमारे दुप्पट होते. हे जाळे टिकण्यासाठी किमान ३० ते ३५ टक्के स्निग्धांश लागतो आणि तो थंडीने अंशतः गोठलेला असावा लागतो. बाजारात ‘फ्रेश क्रीम’ म्हणून मिळणाऱ्या सुमारे २५ टक्के स्निग्धांशाच्या क्रीमला कितीही बीटर फिरवला तरी ते घट्ट उभे राहत नाही. म्हणून ‘व्हिपिंग क्रीम’च आणावे आणि क्रीम, भांडे व बीटरची पाती ही तिन्ही फ्रिजमध्ये गार करून घ्यावीत. बीटरच्या खुणा क्रीमवर स्पष्ट उमटू लागल्या आणि उचललेल्या पात्यावर टोक उभे राहून किंचित वाकले, की थांबावे. त्यापुढे घुसळल्यास चकाकी जाऊन क्रीम रवाळ व पिवळसर दिसू लागते, आणि अखेर ताक वेगळे होऊन भांड्यात लोणी उरते. वनस्पती तेलापासून केलेले क्रीम उष्णतेत अधिक टिकते खरे. परंतु दुधाचा स्निग्धांश जिभेवर सहज विरघळतो, तसा त्यातील स्निग्धांश बहुधा विरघळत नाही आणि टाळूवर तुपकट थर जाणवतो.

फळांच्या बाबतीत पाण्याचा प्रश्न अधिक तीव्र असतो. चिरलेल्या फोडींवर साखर घातली, की परासरणामुळे, म्हणजे कमी साखरेच्या बाजूचे पाणी अधिक साखरेच्या बाजूस खेचले गेल्यामुळे, फळांना रस सुटतो. त्यामुळे स्ट्रॉबेरीच्या फोडी साखर लावून अर्धा तास मुरू द्याव्यात, सुटलेला रस गाळून केक भिजवण्यास वापरावा आणि निथळलेल्या फोडीच थरात घालाव्यात. हापूसच्या टणक, नुकत्या पिकलेल्या फोडी, चिकू आणि द्राक्षे थरांत चांगली टिकतात. कलिंगड मात्र टाळावे. सफरचंद व केळे हवेच्या संपर्काने काळी पडतात, म्हणून त्यांना लिंबाचा रस चोळावा. ताज्या अननसात व किवीत प्रथिने तोडणारी विकरे असतात, ज्यांच्यामुळे क्रीम कडवट होते आणि जिलेटिनची जेली जमत नाही. अननस साखरेच्या पाण्यात उकळून घेतल्यास ही विकरे निष्प्रभ होतात. समुद्री शैवालापासून मिळणाऱ्या चायना ग्रासमध्ये प्रथिने नसल्याने त्याच्या जेलीस हा धोका नसतो.

थरांचा क्रमही याच तत्त्वाने ठरतो. केक रस शोषून घेतो, म्हणून तो तळाशी. त्यावर फळे, म्हणजे झिरपणारा रस केकमध्येच मुरतो. आणि सर्वांत वर क्रीम. क्रीम चमच्याने टाकल्यास पेल्याच्या कडा माखतात, तर कोन किंवा कोपरा कापलेली पिशवी वापरून कडेकडून मध्याकडे सोडल्यास काचेतून रेषा स्वच्छ दिसते. बिस्किटाचा चुरा व बदामाचे काप मऊ पडतात, म्हणून ते वाढण्याच्या वेळीच घालावेत.

साधारण २०० मिलिलिटरच्या वीस पेल्यांसाठी ६०० मिलिलिटर व्हिपिंग क्रीम, साफ केलेली सव्वा किलो फळे आणि ४०० ग्रॅम साधा स्पंज केक पुरतो. केक आदल्या दिवशी आणावा, थर कार्यक्रमाच्या तीन-चार तास आधी रचावेत आणि पेले झाकून फ्रिजमध्ये ठेवावेत. मे महिन्यातील समारंभासाठी निम्म्या क्रीमऐवजी फेटलेला गोड चक्का वापरणे शहाणपणाचे ठरते, कारण फडक्यात रात्रभर टांगलेल्या दह्यातील पाणी आधीच निथळलेले असते आणि त्याचा आंबटपणा हापूसच्या गोडीला उठाव देतो.

दूध, क्रीम आणि चिरलेली फळे एकत्र असलेला पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये आणि तापमान ३२ अंश सेल्सियसच्या वर असेल तर एका तासाच्या आत संपवावा. त्यामुळे सर्व पेले एकदम मांडून सजावट करण्याचा मोह टाळून, पंगत बसल्यावर ते थोडेथोडे बाहेर काढणेच योग्य होय.